मुलांमधील क्षयरोग आणि जलद रेण्वीय चाचणी : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत. मुलाच्या क्षयरोगासाठी जीनएक्स्पर्ट, ट्रूनॅट किंवा सीबीनॅट या नावांनी ओळखली जाणारी रेण्वीय चाचणी, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी, झाली, अहवाल हातात आला, आणि पालकांचा गोंधळ मात्र वाढला, असा त्यांचा सूर आहे. हा गोंधळ स्वाभाविक आहे, कारण ही चाचणी मोठ्यांच्या बाबतीत जेवढे स्पष्ट उत्तर देते तेवढे लहान मुलांच्या बाबतीत ती नेहमी देऊ शकत नाही. त्यामुळे हे सदर या अंकात पूर्णपणे याच प्रश्नांना दिले आहे.

प्रश्न : माझी मुलगी तीन वर्षांची आहे. तिला महिन्याहून अधिक काळ खोकला आहे, संध्याकाळी अंगात कणकण असते आणि वजन वाढणे थांबले आहे. आमच्याच घरात राहणाऱ्या तिच्या आजोबांना काही महिन्यांपूर्वी फुप्फुसाचा क्षयरोग झाल्याचे निदान झाले. मुलीच्या पोटात नळी घालून काढलेल्या द्रावाची रेण्वीय चाचणी निगेटिव्ह आली, तरी डॉक्टर क्षयरोगाची औषधे सुरू करा म्हणतात. इतकी आधुनिक चाचणी आजार नाही असे सांगत असताना एवढ्या लहान जीवाला महिनोन्‌महिने औषधे का द्यायची?

उत्तर : तुमच्या डॉक्टरांचा सल्ला योग्य आहे, हे आधी स्पष्टपणे सांगतो आणि मग त्याची कारणे देतो.

मोठ्या माणसाच्या फुप्फुसात क्षयरोगामुळे पोकळी तयार होते, तेव्हा तिच्यात जंतूंची संख्या प्रचंड असते आणि ते बेडक्यावाटे सहज बाहेर पडतात. लहान मुलांमध्ये आजाराचे स्वरूप वेगळे असते. फुप्फुसात एखादा लहानसा डाग असतो, छातीतील लसिकाग्रंथी सुजलेल्या असतात, आणि त्या सुजेमुळे मूल खोकते, कोमेजते, त्याचे वजन घटते. परंतु या सर्व ठिकाणी मिळून जंतू फार थोडे असतात. त्यातही लहान मूल बेडका बाहेर टाकत नाही, ते तो गिळते. म्हणूनच सकाळी उपाशीपोटी जठरातील द्राव काढून तो तपासावा लागतो. अशा नमुन्यात जंतू असतीलच याची खात्री कोणालाही देता येत नाही.

आता यंत्राची क्षमता पाहू. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसण्यासाठी नमुन्याच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण 5,000 ते 10,000 जंतू असावे लागतात. जीनएक्स्पर्टच्या पहिल्या आवृत्तीला शंभराहून थोडे अधिक जंतू पुरत, आणि 2017 पासून वापरात आलेल्या 'अल्ट्रा' या सुधारित आवृत्तीला सुमारे 16 पुरतात. ही प्रगती खरोखर मोठी आहे. असे असूनही, ज्या मुलांच्या नमुन्यात कल्चरने, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीने, जंतू वाढल्याचे सिद्ध झाले आहे अशा मुलांचा विचार केला, तर अल्ट्रा चाचणी बेडक्याच्या नमुन्यातून त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आणि जठरद्रावातून सुमारे दोन तृतीयांश मुलांनाच ओळखते. शिवाय लक्षणे, संपर्क आणि क्ष-किरण चित्र यांवरून ज्यांना क्षयरोग असल्याचे तज्ज्ञ निश्चितपणे मानतात आणि जी उपचारांनी बरी होतात, अशा अनेक मुलांमध्ये कल्चरसुद्धा कधीच पॉझिटिव्ह येत नाही. त्यामुळे निगेटिव्ह अहवालाचा अर्थ एवढाच घ्यायचा की त्या नमुन्यात चाचणीला पकडता येतील इतके जंतू मिळाले नाहीत. मुलीला क्षयरोग नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही. उलट पॉझिटिव्ह अहवाल मात्र बहुतांशी विश्वासार्ह असतो. तो आला तर उपचारांसाठी आणखी पुराव्याची वाट पाहू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली मुले आणि किशोरवयीन यांच्यासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत हीच अडचण लक्षात घेऊन निदानाची एक पायरीबद्ध पद्धत दिली आहे. चाचणी निगेटिव्ह आली किंवा करताच आली नाही, तरी लक्षणे किती काळ आहेत, वजनाचे काय झाले, गेल्या वर्षभरात घरात किंवा निकटच्या सहवासात क्षयरोगी होता का आणि छातीच्या क्ष-किरण चित्रात काय दिसते, यांवरून उपचारांचा निर्णय घेता येतो. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोष्टी, म्हणजे टिकून राहिलेला खोकला, थांबलेली वाढ आणि घरातील रुग्ण, एकाच दिशेने बोट दाखवतात. पाच वर्षांखालील मुलांमध्ये संसर्गाचे रूपांतर आजारात लवकर होते, बहुतेक वेळा वर्षभरातच, आणि आजार मेंदूच्या आवरणापर्यंत किंवा सर्व शरीरभर पसरण्याचा धोका याच वयात सर्वाधिक असतो. औषधे उपलब्ध नसलेल्या काळातील नोंदींवरून असा अंदाज काढला गेला आहे की उपचार न मिळालेल्या या वयातील क्षयरोगी मुलांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक मुले दगावत असत. वेळेवर उपचार मिळालेल्या मुलांमध्ये हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते. या दोन आकड्यांमधील अंतर डोळ्यांसमोर ठेवले, तर वाट पाहण्याची किंमत किती असू शकते ते कळते.

औषधांच्या भीतीविषयीही दोन शब्द. मुले ही औषधे मोठ्यांपेक्षा सहसा चांगली सहन करतात. यकृतावर परिणाम होणे त्यांच्यात विरळ असते. तरीही सतत उलट्या, पोटदुखी किंवा डोळे पिवळे दिसणे यांपैकी काहीही आढळले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आणि उपचारांचा काळ पूर्वीइतका लांब असेलच असे नाही. युगांडा, झांबिया, दक्षिण आफ्रिका आणि भारत येथील 1,204 मुलांवर झालेल्या 'शाइन' या अभ्यासाचे निष्कर्ष 2022 साली प्रसिद्ध झाले. आजार सौम्य स्वरूपाचा असेल तर चार महिन्यांचे उपचार सहा महिन्यांइतकेच गुणकारी ठरतात, असे त्यात दिसून आले. तुमच्या मुलीचा आजार त्या गटात बसतो का, हे क्ष-किरण चित्र पाहून डॉक्टर ठरवतील. तो प्रश्न त्यांना अवश्य विचारा.

प्रश्न : कल्चरच्या अहवालाला सहा आठवडे लागतात असे ऐकले होते. मग ही चाचणी दोन तासांत उत्तर कसे देते? आणि त्यातच औषध लागू पडेल की नाही हेही कसे कळते?

उत्तर : क्षयजंतू फार संथपणे वाढतो. कल्चरमध्ये त्याला अन्नद्रव्य देऊन तो डोळ्यांना किंवा यंत्राला जाणवेल इतका वाढेपर्यंत थांबावे लागते, आणि त्यात दोन ते आठ आठवडे जातात. रेण्वीय चाचणी जंतूला वाढवत नाही, ती त्याचा डीएनए शोधते. नमुन्यातील जंतू फोडून त्यांचा डीएनए मोकळा केला जातो आणि त्याचा ठरावीक तुकडा पुन्हापुन्हा दुप्पट केला जातो. दुप्पट होण्याची ही आवर्तने तीस-चाळीस झाली की मुळात मोजक्याच असलेल्या तुकड्यांच्या कोट्यवधी प्रती तयार होतात आणि त्यांना चिकटणाऱ्या चमकदार रेणूंमुळे त्या यंत्राला ओळखता येतात. पॉलिमरेज साखळी अभिक्रिया म्हणतात ती हीच. कॅरी मलिस यांना तिच्यासाठी 1993 साली नोबेल पारितोषिक मिळाले. जीनएक्स्पर्टमध्ये हे सर्व एका बंद कार्ट्रिजच्या आत घडते, त्यामुळे तंत्रज्ञाचा हस्तक्षेप कमी होतो आणि एका नमुन्यातील डीएनए दुसऱ्यात मिसळण्याची शक्यताही घटते. ट्रूनॅटमध्ये लहान चिप वापरतात आणि ते यंत्र बॅटरीवर चालू शकते, म्हणून वीज किंवा वातानुकूलनाची खात्री नसलेल्या ठिकाणी ते सोयीचे पडते.

औषधाचे उत्तर त्याच डीएनएमध्ये असते. क्षयजंतूच्या 'आरपीओबी' या जनुकातील एका छोट्या भागात बदल झाला की रिफॅम्पिसिन हे प्रमुख औषध त्याच्यावर चालेनासे होते. हा भाग डीएनएच्या केवळ 81 अक्षरांचा आहे आणि रिफॅम्पिसिनला दाद न देणाऱ्या जवळजवळ सर्व जंतूंमध्ये बदल तिथेच सापडतो. चाचणी तो भाग वाचते आणि तो मूळ स्वरूपात आहे की बदललेला, हे सांगते. इतर औषधांविषयीची माहिती या पहिल्या चाचणीतून मिळत नाही. त्यासाठी वेगळ्या रेण्वीय चाचण्या आणि कल्चर करावे लागते. म्हणून जलद चाचणी झाली तरी कल्चरची गरज संपलेली नाही.

प्रश्न : आजार फुप्फुसाचा आणि तपासायला शौच मागितली, याचे आम्हा सर्वांना आश्चर्य वाटले. हे खरोखर शास्त्रीय आहे का?

उत्तर : पूर्णपणे शास्त्रीय आहे, आणि माझ्या मते मुलांच्या क्षयरोगनिदानात अलीकडच्या काळात झालेली ही सर्वांत उपयुक्त सुधारणा आहे. मूल जो बेडका गिळते तो जठरातून आतड्यात जातो. क्षयजंतूचे आवरण मेणासारखे चिवट असल्यामुळे पचनमार्गातही त्याचा डीएनए बऱ्याच अंशी टिकून राहतो आणि शौचातून बाहेर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली मुलांसाठी शौच हा रेण्वीय चाचणीचा ग्राह्य नमुना मानला.

याचे महत्त्व कळण्यासाठी दुसरा पर्याय काय असतो हे पाहावे. जठरद्राव काढायचा तर मुलाला रात्रभर उपाशी ठेवावे लागते, नाकातून नळी घालावी लागते, आणि बहुधा दाखल करून दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा करावे लागते. वाफाऱ्यातून खारट द्रावण देऊन बेडका मिळवण्याची पद्धतही आहे, परंतु तिला प्रशिक्षित माणसे, साधने आणि संसर्ग पसरू नये म्हणून वेगळी जागा लागते. या सोयी नसलेल्या ठिकाणी मुलांची चाचणीच होत नसे. शौचाचा नमुना मात्र घरीही घेता येतो. चाचणीसाठी चण्याएवढा, साधारण एक ग्रॅमहून कमी भाग पुरतो, आणि आता अशी साधी पद्धत उपलब्ध आहे की जिच्यात नमुना थेट जीनएक्स्पर्टच्या द्रावणात घालून हलवतात, काही मिनिटे स्थिर ठेवतात आणि वरचा द्रव कार्ट्रिजमध्ये भरतात. त्यासाठी नमुना फिरवणारे वेगळे यंत्र लागत नाही.

तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. शौचाची अल्ट्रा चाचणी कल्चरने सिद्ध झालेल्या मुलांपैकी साधारण निम्म्या मुलांना ओळखते, म्हणजे जठरद्रावापेक्षा थोडी कमी. म्हणून शक्य असेल तेथे एकच नमुना तपासण्यापेक्षा श्वसनमार्गाचा नमुना आणि शौच असे दोन्ही एकाच वेळी तपासावेत, असा अलीकडचा सल्ला आहे. एकात निसटलेला आजार दुसऱ्यात सापडू शकतो. एचआयव्हीबाधित मुलांमध्ये याच्या जोडीला लघवीतील क्षयजंतूचा एक घटक शोधणारी साधी चाचणीही करतात.

नमुना घेताना लघवी किंवा पाणी त्यात मिसळू देऊ नये, स्वच्छ आणि घट्ट झाकणाच्या डबीत तो ठेवावा, आणि शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावा. फार पातळ जुलाब होत असतील तर ते थांबेपर्यंत नमुना पुढे ढकलावा का, हे प्रयोगशाळेला विचारून घ्यावे.

प्रश्न : मी बालविभागात परिचारिका आहे. आमच्याकडे जठरद्रावाचे नमुने नियमित घेतले जातात, परंतु निकाल फारच क्वचित पॉझिटिव्ह येतात. नमुना घेण्यात काही सुधारणा करता येईल का?

उत्तर : तुमचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण यंत्र कितीही संवेदनशील असले तरी निकालाचे बरेचसे भवितव्य तुमच्या हातात असते. रात्रभर गिळलेला बेडका जठरात साठलेला असतो आणि मूल उठून हालचाल करू लागले, काही खाल्ले-प्यायले की तो पुढे सरकतो. म्हणून किमान चार तास पोट रिकामे असावे, आणि मूल जागे होताच, ते अंथरुणातून उठण्यापूर्वी नळी घालावी. द्राव थोडाच आला तर मुलाची कूस बदलून पाहावी. तरीही नाही आला तर थोडे निर्जंतुक पाणी आत सोडून परत ओढून घ्यावे. जठरातील आम्ल जंतूंना मारते आणि त्याने कल्चर बिघडते, म्हणून नमुना लगेच प्रयोगशाळेत जाणार नसेल तर सोडियम बायकार्बोनेट घालून तो उदासीन करावा. लागोपाठ दुसऱ्या सकाळी घेतलेल्या नमुन्यामुळे निदान होण्याची शक्यता वाढते. आणि नमुन्याच्या चिठ्ठीवर मुलाचे वय व नमुन्याचा प्रकार न विसरता लिहावा, कारण अहवालाचा अर्थ लावताना या दोन्ही गोष्टी लागतात. पुढच्या प्रश्नात याचेच उदाहरण आहे.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलाच्या अहवालात 'ट्रेस' असे आले आहे आणि रिफॅम्पिसिनपुढे 'अनिश्चित' असे लिहिले आहे. डॉक्टरांनी लगेच उपचार सुरू केले. माझ्या मोठ्या भावाला दोन वर्षांपूर्वी असाच अहवाल आला होता, तेव्हा मात्र त्याला पुन्हा तपासणी करायला सांगितले होते. एकाच अहवालाचे दोन अर्थ कसे?

उत्तर : दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर असू शकतात. अल्ट्रा चाचणी क्षयजंतूच्या डीएनएमधील असे तुकडेही शोधते जे एका जंतूत अनेक वेळा आढळतात. त्यामुळे जंतू अगदी थोडे असले तरी हे तुकडे सापडतात. पण आरपीओबी जनुक जंतूत एकदाच असल्याने ते मात्र वाचता येत नाही. अशा वेळी यंत्र 'ट्रेस' असे कळवते आणि रिफॅम्पिसिनविषयी काहीच सांगू शकत नाही.

प्रौढ व्यक्तीला पूर्वी क्षयरोग होऊन गेला असेल तर मृत जंतूंचा उरलेला डीएनएही असा निकाल देऊ शकतो, म्हणून तिथे नव्या नमुन्याने खातरजमा करतात. लहान मुलांमध्ये जंतू मुळातच कमी असणे अपेक्षित असते. त्यामुळे मुलांमध्ये, एचआयव्हीबाधितांमध्ये आणि फुप्फुसाबाहेरच्या नमुन्यांमध्ये 'ट्रेस' हा निकाल क्षयरोग असल्याचा पुरावा मानून उपचार सुरू करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 'अनिश्चित' या शेऱ्याने घाबरू नका. औषधाला दाद न देणारा जंतू सापडला, असा त्याचा अर्थ नाही. मात्र ज्या माणसाकडून मुलाला संसर्ग झाला असावा, त्याचा औषधप्रतिसादाचा अहवाल मिळवून डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : घरातील रुग्णाचा क्षयरोग रिफॅम्पिसिनला दाद देत नाही. मुलाला लक्षणे आहेत, पण त्याच्या नमुन्यांत जंतूच सापडला नाही. मग औषधे कोणती द्यायची?

उत्तर : मुलाच्या नमुन्यात जंतू न सापडल्यास, ज्याच्याकडून संसर्ग झाला असण्याची शक्यता सर्वाधिक आहे त्याच्या जंतूचा अहवाल मुलाचाच मानून औषधे ठरवतात. नेहमीची औषधे देऊन प्रतिसाद पाहत बसण्यात अमूल्य वेळ जातो. अशा मुलाला औषधप्रतिरोधक क्षयरोगाचा अनुभव असलेल्या केंद्रात लगेच पाठवावे. तिथे नमुने पुन्हा घेतले जातील, परंतु त्यांच्या निकालासाठी उपचार अडून राहता कामा नयेत. आता मुलांसाठीही तोंडावाटे घ्यायच्या औषधांचे उपचार उपलब्ध आहेत, आणि पूर्वीसारखी दीर्घकाळ रोज टोचावी लागणारी, ऐकण्याच्या शक्तीला धोका पोहोचवणारी इंजेक्शने बहुतेक मुलांना टाळता येतात.

प्रश्न : मानेतील गाठ किंवा मेंदूज्वर असेल तर ही चाचणी चालते का?

उत्तर : चालते. मानेतील गाठीतून बारीक सुईने काढलेल्या पेशींवर तिचा चांगला उपयोग होतो आणि मुलालाही फारसा त्रास होत नाही. एक अपवाद लक्षात ठेवावा. बीसीजी लस दिलेल्या हाताच्या काखेत तान्ह्या बाळाला गाठ आली, तर त्या गाठीतील चाचणी लशीतील जंतूमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण तो क्षयजंतूंच्याच कुळातील आहे. बाळ एरवी निरोगी असेल तर अशा गाठीला सहसा क्षयरोगाच्या औषधांची गरज नसते. हा निर्णय तपासणी करणाऱ्या डॉक्टरांवर सोपवावा.

क्षयजन्य मेंदूज्वराची गोष्ट फार गंभीर आहे. पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवावर अल्ट्रा चाचणी करतात आणि ती पॉझिटिव्ह आली तर निदान पक्के होते; परंतु ती निगेटिव्ह आली म्हणून उपचार कधीही थांबवू नयेत. काही दिवसांचा ताप, उलट्या, चिडचिड, वाढती गुंगी, तिरळी झालेली नजर किंवा झटके अशी लक्षणे असणाऱ्या मुलाच्या बाबतीत एकेका दिवसाच्या विलंबाने मूल वाचण्याची आणि वाचल्यावर धडधाकट राहण्याची शक्यता कमी होत जाते.

प्रश्न : मांटू चाचणी पॉझिटिव्ह आली. आता रेण्वीय चाचणी करण्याची गरज आहे का?

उत्तर : या दोन चाचण्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. मांटू ही त्वचेवर केली जाणारी चाचणी किंवा तिच्याऐवजी केली जाणारी रक्ताची 'इग्रा' चाचणी संसर्ग झाला आहे का एवढेच सांगते; आजार आहे की नाही हे सांगत नाही. मुलाला लक्षणे असतील किंवा क्ष-किरण चित्रात बदल असेल, तर रेण्वीय चाचणीसाठी नमुना जरूर द्यावा. मूल पूर्ण निरोगी असेल, तर क्षयरोग नसल्याची खात्री करून प्रतिबंधक उपचार देता येतात. घरात क्षयरोगी असलेल्या पाच वर्षांखालील निरोगी मुलांना तर मांटू चाचणीची वाट न पाहताही ते द्यावेत. पहिल्या प्रश्नातील मुलीला धाकटी भावंडे असतील, तर हा मजकूर त्यांच्यासाठीही आहे.

प्रश्न : उपचारांना दोन महिने झाले. औषध लागू पडते आहे का हे पाहण्यासाठी तीच चाचणी पुन्हा करून घ्यावी का?

उत्तर : करू नये. ही चाचणी मृत जंतूंचा डीएनएही पकडते, त्यामुळे उपचार उत्तम चालू असतानाही ती पॉझिटिव्ह राहू शकते आणि विनाकारण धास्ती वाटते. ज्या मुलांच्या नमुन्यात सुरुवातीला जंतू सापडले होते त्यांच्यात सूक्ष्मदर्शक तपासणी आणि कल्चर यांनी प्रगती पाहतात. इतरांमध्ये ताप गेला का, खोकला कमी झाला का, भूक लागते का आणि मूल पुन्हा खेळू लागले का, हे पाहायचे असते. प्रत्येक भेटीत वजन करून घ्यायला विसरू नका. ते वाढत असेल तर औषधे काम करत आहेत, आणि वाढलेल्या वजनाप्रमाणे औषधाची मात्राही वाढवावी लागते. ती वाढवली आहे का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. दोन महिने नियमित औषधे घेऊनही वजन जागचे हलले नाही किंवा ताप टिकून राहिला, तर मात्र मुलाची नव्याने पूर्ण तपासणी व्हायला हवी, आणि तेव्हा कल्चर व औषधप्रतिसादाच्या चाचण्यांसाठी नवा नमुना द्यावा.